शेकड्यावरचे सहा

ज्या माणसाकडून मी तीस वर्षं नारळ घेतले, त्याने मला पाच महिने फसवलं. पैशात नाही, किलोमीटरमध्ये. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याबद्दल माझ्याकडून चार बरे शब्दही लिहिले जातील, आणि मग वाचणाऱ्याला वाटायचं की मी सगळं विसरलो. मी काहीही विसरलेलो नाही.

मी म्हसळ्याला नारळ-सुपारीचा व्यापार करतो. आज दुकान आहे, मागे वखार आहे, दोन टेम्पो आहेत. सुरुवात केली तेव्हा फक्त एक काळी सायकल होती, तीही तिसऱ्या हाताची. आमचं गाव आत, तळा गावाच्या रस्त्याला. तिथे भात होतो, पण नारळाचं झाड औषधालाही नाही. किनाऱ्यावर नारळ आणि आतल्या गावांत तोंडं, एवढं मला पंचविसाव्या वर्षी समजलं होतं. मी पहाटे सायकल काढायचो, श्रीवर्धनच्या बाजूला वाड्यांमधून नारळ घ्यायचो, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पोती लटकवायचो आणि चढ आला की उतरून ढकलत न्यायचो. सायकल चालवणं हा प्रकार तेव्हा मला चालण्यापेक्षा फार वेगळा वाटत नसे. जाताना मी तिच्यावर बसायचो, येताना ती माझ्यावर.

त्याच दिवसांत हा माणूस भेटला. समुद्राकडेच्या एका मुसलमान वाडीवाल्याचा मोठा मुलगा, माझ्याच वयाचा. बाप ओटीवर बसून सांगायचा आणि हा नारळ मोजायचा. दोन एका हातात, तीन दुसऱ्या हातात, असे पाच पाच फेकत जायचा. पहिल्या पाचांना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असे वीस झाले की शेकडा. आणि शेकडा झाला की वर सहा. आमच्या भागातली ही रीत. शंभरात एखादा सडका निघतो, एखादा आतून सुका, एखादा वाटेत फुटतो. त्याची भरपाई म्हणून विकणाऱ्याने शंभरावर सहा द्यायचे आणि त्याबद्दल बोलायचं नाही.

माझ्या सायकलवर साठ-सत्तरच्या वर मावत नसत. शेकडा ठरवायचो, साठ पहिल्या फेरीला न्यायचो आणि चाळीस दुसऱ्या. पण वरचे सहा मात्र मी पहिल्याच फेरीला मागितले. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली. त्याने सहा नारळ माझ्या पोत्यात टाकले आणि म्हणाला, “घ्या, शेट.”

अंगात फाटका सदरा, पायात चप्पल नाही, आणि शेट! तो टोमणा होता. तेव्हापासून तो मला शेटच म्हणतो. पुढे मी खरोखरच शेट झालो तरी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला त्यात तो पहिला दिवस ऐकू यायचा. मी त्याला भाई म्हणतो. त्याचा बाप गेला, वाडी त्याच्याकडे आली. माझी सायकल जाऊन टेम्पो आला. नारळ आता सोलून, निवडून यायला लागले, सडका निघायचं प्रमाण जवळजवळ संपलं. पण वरचे सहा मी सोडले नाहीत. का सोडावेत? रीत म्हणजे रीत. तो प्रत्येक वेळी मोजून द्यायचा आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचा.

सत्तावन्नाव्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी आठ दिवस चाललो. बाजारातून चालायला लागलं की दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवून सुपारीचा भाव विचारतो. चालणं होत नाही, दुकानच रस्त्यावर येतं. मग मला सायकल आठवली. सायकलवरच्या माणसाला कोणी थांबवत नाही.

पनवेलला जाऊन गिअरची सायकल पाहिली. दुकानदार तरुण होता, त्याला वाटलं काका गावाकडून आले आहेत. दीड तास घासाघीस केली. मी दोनदा उठून बाहेर गेलो, दोनदा त्याने हाक मारली. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “काका, एवढ्यात द्यायची तर मग मीटर काढून घेतो.”

हँडलवर एक छोटं घड्याळासारखं मीटर होतं, किती किलोमीटर झाले ते दाखवणारं.

“काढ,” मी म्हटलं. “मला काय विमान चालवायचंय?”

त्याने काढलं. जिंकल्यासारखा घरी आलो.

भाईने माझी सायकल पाहिली आणि पुढच्याच आठवड्यात त्याच दुकानातून तशीच सायकल आणली. दुकानदाराने सांगितली त्या किमतीला. मीटरसकट. मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, “शेट, तुम्ही चालवा, मी मोजतो. मोजायची सवय मला हाय.”

गणपती उठले, पाऊस जरा मागे सरला आणि आम्ही सुरू केलं.

पहिल्या दिवशी दहा किलोमीटर गेलो आणि रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्यावर बसून ओकलो. तीस वर्षांपूर्वी ज्या रस्त्याने साठ नारळ ओढले, त्याच रस्त्यावर रिकाम्या सायकलने माझा जीव काढला. भाई कडेला उभा राहून पाणी पाजत होता आणि वर हसत होता. “शेट, आज पोती न्हाईत म्हणून तोल जातोय तुमचा.” दुसऱ्या दिवशी बसायची जागा इतकी दुखली की गल्ल्यावर उशी घेऊन बसलो. गिऱ्हाइकं विचारायची नाहीत, पण बघायची.

त्यावर उपाय म्हणून कोणीतरी आतून गादी असलेली आखूड पँट सांगितली. अंगाला घट्ट, काळी, चकचकीत. पहिल्यांदा ती घालून बाहेरच्या खोलीत आलो तर बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं.

“अहो, असे बाजारातून जाणार?”

“मग काय झालं?”

“काही नाही. वरून लुंगी गुंडाळा. स्टँडच्या पुढे गेलात की सोडा.”

मी खरंच तसं केलं. महिनाभर मी स्टँडपर्यंत लुंगीत आणि स्टँडनंतर सायकलवाला, असा जात होतो. एकदा लुंगीचं टोक चेनमध्ये गेलं आणि रिक्षा स्टँडसमोर मी सायकलसकट आडवा झालो. रिक्षावाल्यांनी उचललं. एकजण म्हणाला, “शेट, एकतर धोतर नेसा न्हायतर इंग्रज व्हा. मधलं काय न्हाय जमायचं.” त्या दिवसापासून लुंगी बंद.

हळूहळू पाय सरावले. पंधरा झाले, वीस झाले, तीस झाले. आकडे भाई सांगायचा. मीटरवरचे अंक मुंगीएवढे, आणि माझा जवळचा चष्मा दुकानात. मी कधी वाकून पाहायचा प्रयत्न केला तरी मला करड्या चौकोनाशिवाय काही दिसत नसे. मी विचारायचो, “किती?” तो खाली बघायचा, जरा थांबायचा आणि आकडा सांगायचा. ते जरा थांबणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. वजनकाट्यावर बसलेला माणूस आकडा सांगण्याआधी थांबला तर मी काटा तपासतो. इथे नाही तपासला. चूक माझी तेवढीच.

त्या महिन्यांचं मला आज जे आठवतं त्यात तक्रारीला जागा नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. दिघीच्या रस्त्याला सकाळी खाडीवर धुकं असायचं आणि पलीकडचा किनारा दिसायचा नाही, नुसता होड्यांच्या इंजिनांचा आवाज यायचा. मांदाडच्या पुलाजवळ एक तांबडं कुत्रं रोज आमच्या मागे लागायचं, ठरावीक झाडापर्यंत यायचं आणि तिथे थांबायचं, जणू त्याची हद्द संपली. तळ्याला एक टपरीवाली म्हातारी आम्हाला लांबून बघूनच चहाला आधण ठेवायची. माझ्या गावावरून जाताना शेतातली माणसं ओरडायची, “ओ शेट, टेम्पो इकला काय?” आणि मी हात हलवायचो. पंचविसाव्या वर्षी त्याच बांधावरची माणसं मला हाक मारायची ती फक्त नारळ आहेत का विचारायला. भाई मागून येत असायचा, कधी पुढे, आणि आम्ही दोघं चढाला एकमेकांना शिव्या देत असायचो. तीस वर्षं आम्ही फक्त भावावरून बोललो होतो. त्या पाच महिन्यांत मला कळलं की त्याला पोहता येत नाही. त्याची एक बहीण लहानपणी गेली हे कळलं. आणि हेही कळलं की त्याला नारळाचं खोबरं आवडत नाही, जन्मात कधी आवडलं नाही.

वाईट दिवसही होते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की दिघीहून परत येताना सायकल जागची हलत नसे. एकदा मी सकाळी काही न खाता निघालो, पस्तीसाव्या किलोमीटरला हातपाय कापायला लागले आणि मी रस्त्याच्या कडेला गवतात आडवा झालो. साखरेच्या माणसाने उपाशी निघायचं नसतं, हे बायको रोज सांगते. भाईने खिशातून खजूर काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. तेव्हापासून त्याच्या खिशात खजूर असायचाच. मी तेव्हाही भांडलो, की डॉक्टरांनी गोड बंद केलंय. तो म्हणाला, “मेलात तर डॉक्टर काय बंद करणार?”

शंभराचं खूळ कसं आलं तेही सांगतो. डिसेंबरात मुंबईहून काही सायकलवाले आले होते, तळ्याच्या टपरीवर भेटले. रंगीत कपडे, गॉगल, हलक्या सायकली. एका मुलीने आदराने विचारलं, “काका, सेंच्युरी झाली का तुमची?”

“काय?”

“शंभर. एका दिवसात.”

मी म्हटलं, अजून नाही. ती गोड हसली आणि म्हणाली, “होईल.” मला ते ‘होईल’ लागलं. माझं आयुष्य शेकड्यात गेलं. नारळ शेकड्याने, सुपारी शेकड्याने, बायकोच्या भावाशी भांडण झालं तेही एका शेकड्यावरून. आणि सायकलवर माझा शेकडा नाही? मी परत येताना भाईला सांगितलं, रोजे लागायच्या आधी शंभर करायचे. त्याने मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “करू, शेट.”

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही निघालो. उजाडायच्या आधी बायकोने चपातीचे रोल बांधून दिले, गुडघ्याला तेल चोळलं आणि नेहमीसारखी दारात उभी राहिली. म्हसळ्याहून तळा, तिथून इंदापूर, मग हायवेने कोलाडपर्यंत, आणि येताना माणगाव, मोर्बा, साई करत घरी. हायवेचं काम चालू होतं, ते कधी बंद होतं असं मला आठवत नाही. दोन ठिकाणी रस्ता उकरलेला, म्हणून गावांतून आडवाटेने जावं लागलं. कोलाडला मिसळ खाल्ली. तिथपर्यंत मी राजा होतो. पुलावर उभं राहून नदीकडे बघत मी भाईला म्हटलं, “आता पाली काय लांब आहे? ईद झाली की गणपतीला जाऊन येऊ, एका दिवसात.”

“तुमच्या गणपतीला मी?”

“तुम्ही बाहेर सायकली सांभाळा.”

“तीस वर्षं तेच करतोय,” तो म्हणाला. “तुमचं सांभाळतोय.”

माणगाव सोडलं आणि गुडघा बोलायला लागला. आधी उजवा, नुसता आतून टोचल्यासारखा. मोर्ब्याला मी पेडल मारताना मोठ्याने मोजायला लागलो. साईच्या पुढे चढाला मी उतरलो आणि सायकल ढकलत चाललो, तीस वर्षांपूर्वीसारखा, फक्त पोती नव्हती. भाईही उतरला. त्याला उतरायची गरज नव्हती. मी त्याला म्हटलं, तुम्ही चालवा, मला दया नको. तो म्हणाला, माझी बसायची जागा दुखते. खोटं बोलत होता, पण ते खोटं मी धरत नाही.

घोणशाचा घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून हात बधिर झाले. खाली आलो. घर तीनेक किलोमीटरवर. एका वळणावर, मोरीच्या अलीकडे, भाई एकदम थांबला. “शेट, थांबा जरा.” मी थांबलो. एकदा थांबलं की परत सुरू करताना गुडघ्यात काय होतं ते मलाच माहीत होतं. त्याने खिशातून फोन काढला, हँडलवर वाकून काहीतरी केलं. मला वाटलं घरी फोन लावतोय. मग त्याने खजूर काढून माझ्यापुढे धरला.

मी खवळलो. “घर आलं आणि आता खजूर? अक्कल आहे का? अंधार व्हायच्या आत पोहोचू द्या!”

“एकच खा, शेट.”

“तुम्हीच खा!” मी ओरडलो आणि निघालो. त्याने तो खाल्ला असावा. मी मागे वळून पाहिलं नाही.

घरी आलो. पायरीसमोर सायकल उभी केली आणि विचारलं, “किती?”

तो खाली बघून जरा थांबला. “सत्त्याण्णव.”

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. परत विचारलं. सत्त्याण्णव. तीन कमी. मी म्हटलं, स्टँडला तीन चकरा मारू, आत्ता होतात. आणि पाय उचलायला गेलो तर उजवा पाय दांड्यावरून जाईना. गुडघा नारळाएवढा झाला होता. मी पायरीवर बसलो. भाई म्हणाला, “होईल, शेट. ईदनंतर.” तेच ‘होईल’. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंधरा दिवस घरात होतो. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, गुडघ्यातली गादी झिजली आहे. रोज वीस किलोमीटर सपाटीला हवे तर करा, पण शंभर विसरा. मी घासाघीस केली. सत्तर? नाही. पन्नास? नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा मागितलेल्या किमतीला व्यवहार करून उठलो.

बाजारात बातमी होतीच. “शेट, तीनच राहिले म्हणे.” कोणी गंमत म्हणून बोलायचं, कोणी हळहळून. हळहळणारे जास्त त्रास देतात. मी गल्ल्यावर बसून त्या तीन किलोमीटरचा विचार करायचो. कोलाडला पूल ओलांडून थोडं पुढे गेलो असतो तर? आडवाटेला अजून एक गाव फिरलो असतो तर? भाई रोज्यांतही अधूनमधून दुकानात यायचा, ओठ सुकलेले, पाच मिनिटं बसायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि उठून जायचा. मला वाटायचं त्याला उपासाने बोलवत नाही.

ईदला आम्ही नवरा-बायको दरवर्षी त्याच्याकडे जातो. या वेळीही गेलो. बायको आत भाभींकडे गेली, मी ओटीवर. त्याचा मुलगा आखातातून आला होता आणि आई-बापांना घेऊन जाणार होता, वाडी खंडाने दिली होती, हे मला तिथे कळलं. मला आधी सांगितलं नाही याचाही राग आला, पण सण होता. शिरखुर्म्याची वाटी हातात दिली. मी अर्धी खाल्ली. मग भाई म्हणाला, “शेट, एक सांगायचं राहिलंय. रागावू नका.”

“रागावण्यासारखं असेल तर रागावणार.”

“त्या दिवशी मीटर एकशे तीन होता.”

मी वाटी खाली ठेवली.

“शेकड्यामागे सहा वर,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. दहाला कळत न्हाय, पन्नासला तीन, शंभराला सहा. तुम्ही तीस वर्षं घेतलेत, मी पाच महिने घेतले.”

“कशासाठी?”

“वाटेत एखादा किलोमीटर सडका निघाला तर?”

ओटीवर त्याचा मुलगा होता, दोन शेजारी होते. सगळे हसले. तोही हसत होता, पण डोळे माझ्यावर होते. मग पटकन म्हणाला, की त्याचा बेत वेगळा होता. ईदनंतर आम्ही ‘शंभर’ करायला निघालो असतो आणि त्याने मला वाटेत सांगितलं असतं, शेट, हा तुमचा दुसरा. पण गुडघा गेला आणि सगळं बिघडलं. सांगायला यायचा आणि माझं तोंड बघून परत जायचा. पुरावा म्हणून त्याने फोनमधला एक फोटो शोधून माझ्यासमोर धरला, दोन बोटांनी मोठा केला. मीटरचा चौकोन आणि त्यात अंक. शंभर, टिंब, शून्य.

“त्या वळणावर काढला. खजूर दिला तेव्हा,” तो म्हणाला.

मी उठलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. पुन्हा तोंड दाखवू नका, हे म्हणालो एवढं नक्की. मी बायकोला हाक मारली आणि बाहेर पडलो. वाटी तशीच राहिली. पाच दिवसांनी ते गेले. मी विमानतळावर सोडायला गेलो नाही, दारातही गेलो नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मी सहा नारळ घेतले ते समोर मोजून घेतले. त्याच्या हाताने, त्याच्या डोळ्यांदेखत. रीत होती, त्यालाही माहीत होती. त्याने घेतले ते मला न सांगता घेतले. आणि काय घेतलं? नारळ दुसऱ्या तोडीला परत येतात. माझा शेकडा एकदाच झाला, आता पुन्हा होणार नाही, आणि तो होत असताना मी तिथे नव्हतो. मी एका माणसावर ओरडत होतो.

हे मी बायकोला सांगत होतो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “ओरडत नव्हतात.”

“तू होतीस का तिथे?”

“आत भाभींनी मला फोटो दाखवला. पूर्ण. तुम्ही नुसते आकडे बघितलेत. त्यांनी मोठा करून दाखवला ना तुम्हाला. वर तुम्ही आहात त्यात. सायकल धरून उभे.”

“मग?”

“हसताय.”

“शक्य नाही.”

“दात दिसतायत.”

“दात ओरडतानाही दिसतात.”

ती तांदळातून वर बघत म्हणाली, “बत्तीस वर्षं बघतेय. कुठले दात कशाचे ते मला कळतं.”

मला त्या वळणावरचं सगळं आठवतं. गुडघा, मोरी, पुढे केलेला खजूर, माझं ओरडणं. पण त्याआधी? त्याने थांबा म्हटलं आणि फोन काढला, त्या दोन-चार क्षणांत मी काय करत होतो? घाट संपला म्हणून हसलो असेन? त्याने काही म्हटलं असेल? मी तिथे परवा जाऊन आलो. वीस किलोमीटरची परवानगी आहे, त्यात ते वळण बसतं. पाऊस होता, मोरीखालून पाणी जोरात जात होतं. अर्धा तास उभा राहिलो. काही आठवलं नाही. एक टेम्पोवाला थांबला, म्हणाला, “शेट, पंक्चर काय?”

फोन मी करणार नाही. व्यवहारात पहिला आकडा मी कधीच सांगितलेला नाही, या वयात सवय मोडणार नाही. त्याच्या सुनेकडून फोटो मागवते, असं बायको म्हणाली. मी नको म्हटलं. बायकोच्या शब्दावर आणि चोरून मागवलेल्या फोटोवर मला निकाल नको. तिथे दोनच माणसं होती. एकाला काही दिसत नव्हतं, दुसरा सगळं बघत होता. माझा शेकडा पुरा झाला तेव्हा माझं तोंड कसं होतं हे जगात एकाच माणसाला माहीत आहे.

तेव्हा, भाई, हे तुमच्यापर्यंत पोहोचेल याची मला खात्री आहे, आपल्या इकडचं काहीही तिकडे आठ दिवसांत पोहोचतं. वरचे सहा तुम्ही ठेवा. पण उत्तर मला तुमच्याकडून हवं, आणि फोनवर नको. या, इथे त्या वळणावर उभे राहा आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगा, या वेळी आकडा सांगताना थांबता तसं न थांबता सांगा: मी हसत होतो की नव्हतो?